आम्ल-आम्लारी अनुमापन : तीव्र व सौम्य

आम्ल-आम्लारी अनुमापन म्हणजे अज्ञात संहतीच्या आम्लात किंवा आम्लारीत ज्ञात संहतीचे विरुद्ध द्रावण ब्युरेटमधून (तोटी असलेल्या मापन नळीतून) थेंबाथेंबाने सोडून, उदासिनीकरणाला लागलेल्या आकारमानावरून अज्ञात संहती काढण्याची पद्धत होय. दोन्ही पदार्थ ज्या क्षणी रासायनिकदृष्ट्या समतुल्य होतात, तो समतुल्य बिंदू. दर्शकाचा, म्हणजे आम्लतेनुसार रंग बदलणाऱ्या द्रव्याचा, रंग पालटतो, तो अंतिम बिंदू. हे दोन बिंदू एकमेकांच्या जितके जवळ, तितके अनुमापन अचूक.

तीव्र आम्ल पाण्यात पूर्ण विघटित होते, सौम्य आम्ल अंशतःच. म्हणून सौम्य आम्लाला अल्क (आम्लारी) कमी लागतो, हा समज विद्यार्थ्यांत नेहमी आढळतो आणि तो चुकीचा आहे. ०.१ मोलर हायड्रोक्लोरिक आम्ल असो वा तितक्याच संहतीचे ॲसेटिक आम्ल, २५ मिलिलिटरला ०.१ मोलर सोडियम हायड्रॉक्साइड २५ मिलिलिटरच लागते, कारण मुक्त हायड्रोजन आयन खर्ची पडताच सौम्य आम्लाचे उरलेले रेणू विघटित होत जातात. फरक पडतो तो सामूच्या (pH, आम्लतेचे माप) आलेखात. हायड्रोक्लोरिक आम्लाचा आरंभीचा सामू १.० असतो, २४.९ मिलिलिटरला तो ३.७, तर २५.१ ला १०.३ होतो, आणि समतुल्य बिंदू बरोबर ७ वर येतो. ॲसेटिक आम्लाचा आलेख २.९ पासून निघतो, निम्म्या वाटेवर ४.७६ च्या आसपास रेंगाळतो, २४.९ मिलिलिटरला ७.२ वर असतो आणि समतुल्य बिंदू ८.७ ला गाठतो, कारण तयार झालेले ॲसेटेट स्वतः सौम्य आम्लारी आहे. म्हणून ३.१ ते ४.४ दरम्यान रंग बदलणारे मिथिल ऑरेंज पहिल्या अनुमापनात चालून जाते, दुसऱ्यात मात्र फसवते, तेथे ८.३ ते १० या टप्प्यातील फिनॉल्फ्थॅलीनच हवे.

सौम्य आम्लारी व तीव्र आम्ल यांच्या जोडीत चित्र उलटते : अमोनिया व हायड्रोक्लोरिक आम्ल यांचा समतुल्य बिंदू ५.३ च्या जवळ येतो. माती परीक्षण प्रयोगशाळेत काळ्या जमिनीतील उपलब्ध नत्र मोजताना अशीच जोडी कामी येते. मातीतून ऊर्ध्वपातित झालेला अमोनिया बोरिक आम्लात शोषला गेला, की मिश्र दर्शकाचा गुलाबी रंग हिरवा होतो. मग सौम्य सल्फ्युरिक आम्ल सोडत गुलाबी रंग परत आणायचा. (येथे ‘सौम्य’ म्हणजे विरल, हे आम्ल तीव्रच आहे. मराठी परिभाषेतली ही जुनी अडचण आहे.) दोन्ही सौम्य असल्यास आलेखात ठळक उडी येतच नाही व दर्शक निरुपयोगी ठरतो, तेव्हा विद्युतवाहकता मोजावी लागते.

वरुड-मोर्शी पट्ट्यातील संत्र्याची आंबटताही अशीच ठरते. सायट्रिक आम्लाचे तीन हायड्रोजन इतक्या जवळच्या सामूंवर सुटतात, की शेवटी एकच उडी दिसते. १० मिलिलिटर रसाला ०.१ नॉर्मल (येथे मोलरइतकेच) सोडियम हायड्रॉक्साइड १० मिलिलिटर लागले, तर आम्लता ०.६४ टक्के. रसाच्या नारिंगी रंगात फिनॉल्फ्थॅलीनची फिकट गुलाबी छटा हरवते, म्हणून रस पाण्याने पातळ करतात आणि फ्लास्कखाली पांढरी फरशी ठेवतात.

पूर्णा खोऱ्यातील खारपाणपट्ट्यात विहिरीच्या पाण्याचे अनुमापन एकाच फ्लास्कमध्ये दोनदा थांबते. तीव्र आम्ल सोडत गेल्यास फिनॉल्फ्थॅलीनचा गुलाबी रंग जातो, तेव्हा कार्बोनेटचे बायकार्बोनेट झालेले असते. त्यानंतर मिथिल ऑरेंज घालून पिवळा रंग नारिंगी होईपर्यंत आम्ल सोडले, की बायकार्बोनेटही संपते.