मूलद्रव्यांचे भूरासायनिक वर्गीकरण

पृथ्वीवरील पदार्थांत कोणते मूलद्रव्य कोणाच्या संगतीने राहते, यावरून केलेली मूलद्रव्यांची विभागणी. आधुनिक भूरसायनशास्त्राचा पाया घालणारे व्हिक्टर मोरिट्स गोल्डश्मिट (१८८८–१९४७) यांनी ती १९२० च्या दशकात मांडली.

अशनींमध्ये (अवकाशातून पृथ्वीवर पडलेल्या दगडांमध्ये) तीन पदार्थ वेगळे ओळखू येतात: लोह-निकेलची मिश्रधातू, ट्रॉयलाइट हे लोहाचे सल्फाइड (गंधकाबरोबरचे संयुग) आणि सिलिकेट (सिलिकॉन व ऑक्सिजन असलेली) खनिजे. धातुक वितळवणाऱ्या भट्टीतही तळाशी धातू, त्यावर सल्फाइडांचा रस आणि सर्वांत वर मळी (सिलिकेटांचा टाकाऊ रस) असे थर पडतात. मूलद्रव्ये या तिन्हींत कशी वाटली जातात हे गोल्डश्मिट यांनी तपासले आणि पृथ्वी वितळलेली असताना अशीच वाटणी झाली असावी, असे अनुमान काढले. भट्टीतल्या मळीवरून ग्रहाचा गाभा उलगडणे, ही भूविज्ञानातील अतिशय देखणी झेप आहे.

या वर्गीकरणात चार गट आहेत. निकेल, कोबाल्ट, सोने, प्लॅटिनम, इरिडियम ही लोहप्रिय, म्हणजे लोहाबरोबर धातूत जाणारी मूलद्रव्ये. तांबे, जस्त, शिसे, चांदी, पारा गंधकप्रिय. म्हणूनच त्यांची बरीचशी धातुके सल्फाइडे असतात. सोडियम, कॅल्शियम, ॲल्युमिनियम, युरेनियम शैलप्रिय, म्हणजे सिलिकेटांत राहणारी. नायट्रोजन आणि निष्क्रिय वायू वायुप्रिय.

जड ते तळाला जाते, ही समजूत इथे टिकत नाही. सोन्याची घनता दर घन सेंमी.ला १९.३ ग्रॅम, युरेनियमची सुमारे १९.१. तरीही सोने लोहाबरोबर गाभ्यात उतरले. युरेनियम ऑक्सिजनला धरून सिलिकेट रसात राहिले आणि पुढे कवचात साठले. खंडीय कवचाच्या वरच्या भागात दर दहा लाख भागांत युरेनियम सुमारे २.७ भाग आहे, तर सोने त्याच्या हजाराव्या हिश्श्याहूनही कमी. ज्याचे ऑक्साइड लोहाच्या ऑक्साइडापेक्षा अधिक स्थिर, ते मूलद्रव्य बहुधा शैलप्रिय ठरते. वजनापेक्षा हा रासायनिक ओढा प्रभावी आहे.

गटांच्या सीमा मात्र पक्क्या नाहीत. लोह स्वतः धातू, सल्फाइड आणि सिलिकेट या तिन्ही रूपांत आढळते. उपलब्ध ऑक्सिजन, तापमान आणि दाब बदलले की ओढाही बदलतो. उदाहरणार्थ, प्रचंड दाबाखाली निकेल व कोबाल्ट यांची लोहप्रियता घटते.

या वर्गीकरणाने पृथ्वीच्या इतिहासातले काही अवघड प्रश्न हाताळता आले. इरिडियम गाभ्यात गेल्याने कवचात ते अत्यंत विरळ आहे, म्हणून सुमारे ६.६ कोटी वर्षांपूर्वीच्या चिकणमातीच्या पातळ थरात ते विपुल सापडले तेव्हा ते पृथ्वीबाहेरून आले असावे असे मानून १९८० मध्ये लघुग्रहाच्या आघाताची कल्पना पुढे आली. हाफ्नियम शैलप्रिय आणि टंगस्टन लोहप्रिय. हाफ्नियम-१८२ हा हाफ्नियमचा किरणोत्सर्गी प्रकार सुमारे ८९ लाख वर्षांच्या अर्धायुष्याने (निम्मा उरण्यास लागणाऱ्या काळाने) टंगस्टन-१८२ मध्ये बदलतो. गाभा लवकर वेगळा झाला असेल, तर मागे राहिलेल्या हाफ्नियमपासून नंतर तयार झालेले टंगस्टन प्रावरणातच (गाभा व कवच यांच्यामधल्या थरातच) अडकते. त्याच्या प्रमाणावरून गाभा केव्हा घडला याचा काळ काढतात.