फिलिप स्तेर्न : नक्षीवरून काळ ओळखणारा कलेतिहासकार

कंबोडियातल्या अंगकोरमधले बायोन मंदिर किती जुने, याचे उत्तर 1920च्या सुमारास जवळपास ठरलेले होते. यशोवर्मन राजाने राजधानीत ‘मध्यपर्वत’, म्हणजे मधोमध पर्वतासारखे मंदिर, उभारला असे शिलालेख सांगतो. अंगकोर थोम या जुन्या राजधानीच्या मधोमध बायोन आहे. म्हणजे बायोन त्याचेच, इसवी सन 900च्या आसपासचे. 1927 मध्ये फिलिप स्तेर्न (1895–1979) यांनी पॅरिसमध्ये बसून हे गणित मोडले. तोवर त्यांनी कंबोडिया पाहिलाही नव्हता.

हाताशी होती छायाचित्रे, संग्रहालयातली शिल्पे आणि प्लास्टरच्या प्रतिकृती. दारावरची ललाटपट्टी, दोन्ही बाजूंच्या छोट्या स्तंभिका असा एकेक घटक घेऊन तो मंदिरागणिक कसा बदलला, हे त्यांनी लावून पाहिले. स्तंभिकांवरची वलये काळाबरोबर वाढतात, त्यांवरची पाने लहान आणि दाट होत जातात. मात्र एकाच खुणेवर विसंबायचे नाही. अनेक घटकांचे क्रम वेगवेगळे लावायचे आणि ते एकमेकांशी जुळले तरच कालक्रम धरायचा. या पद्धतीतला हा संयम मला सर्वांत मोलाचा वाटतो.

स्तेर्न यांनी बायोन अकराव्या शतकात आणले. पुढच्याच वर्षी अभिलेखतज्ज्ञ जॉर्ज सेदेस यांनी शिलालेखांच्या आधारे ते आणखी अलीकडे, बाराव्या शतकाच्या अखेरीस, राजा सातव्या जयवर्मनच्या काळात ओढले. म्हणजे स्तेर्न यांचे शतक चुकले होते. पण जुनी समजूत पाडली ती त्यांनीच. यशोवर्मनचा मध्यपर्वत म्हणजे बाखेंगची टेकडी, हे संशोधक व्हिक्टर गोलूबेव्ह यांनी नंतर दाखवले.

1936 मध्ये स्तेर्न अखेर कंबोडियाला गेले. सातव्या शतकातली शैली आणि नवव्याच्या अखेरची शैली यांच्यामध्ये एक दुवा असलाच पाहिजे, असे त्यांना वाटत होते. राजा दुसऱ्या जयवर्मनशी जोडल्या गेलेल्या कुलेन डोंगरावर, जंगलातल्या देवळांत, तो मिळाला. आज त्या शैलीला कुलेन याच नावाने ओळखतात.

पुढे ते पॅरिसच्या गिमे या आशियाई कलेच्या संग्रहालयाचे मुख्य अभिरक्षक झाले. ख्मेर, म्हणजे प्राचीन कंबोडियाच्या, कलेचे मोठे अभ्यासक झां ब्वासलिए त्यांच्याच तालमीतले. मिरेय बेनिस्ती यांच्यासह स्तेर्न यांनी आंध्रातल्या अमरावतीच्या शिल्पशैलीचा क्रम लावला. ते पुस्तक 1961चे. हीच नजर महाराष्ट्रातल्या लेण्यांकडेही वळली. अजिंठ्यात आपण चित्रांपुढे रेंगाळतो आणि खांब ओलांडून जातो. अजिंठा आणि वेरूळच्या त्या खांबांवरच त्यांनी आख्खे पुस्तक लिहिले. ते 1972 मध्ये निघाले.