एक रोकिया आणि लाखो भुकेले

नागपुरातल्या एखाद्या सोसायटीच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर रात्री निरोप येतो: मेडिकलमध्ये, म्हणजे सरकारी मेडिकल कॉलेजच्या दवाखान्यात, एक मुलगी भरती आहे, ऑपरेशनला पैसे कमी पडताहेत. सोबत तिचा फोटो आणि वडिलांच्या खात्याचा क्यूआर कोड. थोड्या वेळात कुणीतरी पाचशे रुपये पाठवल्याचा स्क्रीनशॉट टाकतं, मग एकामागोमाग एक स्क्रीनशॉट येत राहतात. त्याच ग्रुपवर कुपोषणाची आकडेवारी आली, तर खाली जोडलेले हात दिसतात, पैसे कुणी पाठवत नाही.

2007 साली डेबोरा स्मॉल, जॉर्ज लोवेनस्टीन आणि पॉल स्लोविक यांनी अमेरिकेतला एक प्रयोग प्रसिद्ध केला. प्रश्नावली भरून 5 डॉलर कमावलेल्या लोकांपुढे त्यांनी मदतीचं आवाहन ठेवलं. काहींना आफ्रिकेतल्या लाखो भुकेल्यांचे आकडे वाचायला दिले, काहींना मालीतल्या सात वर्षांच्या रोकियाची हकिगत, फोटोसकट. आकड्यांसाठी सरासरी 1.14 डॉलर निघाले, रोकियासाठी 2.38. खरा धक्का तिसऱ्या गटाने दिला. त्यांना रोकियाही दाखवली आणि आकडेही, रक्कम 1.43 वर आली! आकडे समोर आले की डोकं हिशेबाला लागतं आणि पोटातला कळवळा ओसरतो.

देण्यात सुखही असतं. त्याच वर्षी ओरेगॉनमध्ये मेंदूच्या स्कॅनमध्ये दिसलं, की गरजूंना पैसे गेले की स्वतःला बक्षीस मिळाल्यावर जागा होणारा भाग जागा होतो, आणि स्वखुशीने दिले तर अधिकच. शिवाय दुसऱ्याने किती दिले हे दिसलं, की आपली रक्कमही त्या बाजूला सरकते. ग्रुपवरचा पहिला स्क्रीनशॉट म्हणूनच मोलाचा.

धम्मचक्र प्रवर्तन दिनाला दीक्षाभूमीच्या रस्त्यांवर लोक स्वखर्चाने जेवण वाढतात. तिथे घेणारा समोर असतो. यूपीआयने आणि फोनने हे समोर असणं मैलोन्‌मैल लांबवलं, ही मला फार मोठी गोष्ट वाटते.

काळजी वाटते ती फोटोत न मावणाऱ्या दुखण्यांची. विदर्भात सिकलसेल या रक्ताच्या आनुवंशिक आजाराचे रुग्ण बरेच आहेत. या आजारात एका ऑपरेशनने सुटका होत नाही. औषधं, तपासण्या, कधी रक्त, असं वर्षानुवर्षं चालतं. रात्री ग्रुपवर टाकावा असा एकच प्रसंग त्यात नसतो. अशा कामाला शांत डोक्याने, संस्थेची चौकशी करून, दरमहा ठरावीक रक्कम यूपीआय ऑटोपेवर लावलेली बरी. मग दर वेळी कळवळा दाटून यायची वाट पाहावी लागत नाही.