ट्रेझरी बिलातून हाती नेमके किती येतात?

(आमच्या ग्राहकांसाठी माहितीपत्रक)

"दर साडेसहा टक्के होता, मग लाखाला साडेसहा हजार का नाही आले?" ट्रेझरी बिलाची मुदत संपून पैसे खात्यात जमा झाले की हा प्रश्न आमच्याकडे हमखास येतो. सांगितलेला दर वर्षाचा असतो आणि बिल असते ९१ दिवसांचे. हा हिशेब पैसे गुंतवण्याआधीच स्पष्ट असावा, म्हणून हे पत्रक.

केंद्र सरकार थोड्या मुदतीसाठी कर्ज घेते ते या बिलांवर. मुदती तीन: ९१, १८२ आणि ३६४ दिवस. रिझर्व्ह बँक दर आठवड्याला, साधारणपणे बुधवारी, त्यांचा लिलाव करते. बिलावर वेगळे व्याज मिळत नाही. १०० रुपये दर्शनी किमतीचे बिल कमी भावात मिळते आणि मुदत संपली की पूर्ण १०० रुपये परत येतात. मधला फरक हीच तुमची कमाई.

समजा, ९१ दिवसांच्या बिलाचा भाव ९८.४० रुपये लागला. एक लाखाच्या बिलांसाठी तुमचे ९८,४०० रुपये जातील आणि मुदतीअखेर १,००,००० येतील. कमाई १,६०० रुपये. गुंतलेल्या ९८,४०० रुपयांवर हे ९१ दिवसांत १.६३ टक्के झाले. ३६५ दिवसांच्या हिशेबाने ६.५२ टक्के. तेव्हा आधी भाव बघा, दर नंतर. शंभरातून भाव वजा करा आणि हजाराने गुणा, लाखामागची कमाई लगेच कळते. पुढच्या लिलावात भाव वेगळा लागणार, त्यामुळे वर्षभर ६.५२ टक्केच मिळत राहतील असे धरून घरखर्चाचे गणित बांधू नका.

बँकेच्या एफडीशी तुलना करताना जरा जपून. ३६४ दिवसांचे बिल ९४ रुपयांना मिळाले तर दर ६.४० टक्के पडतो. बँकेचा दरही ६.४० असेल आणि व्याज दर तिमाहीला मुद्दलात मिळवले जात असेल, तर त्याच ९४,००० रुपयांवर एफडीत सुमारे दीडशे रुपये जास्त मिळतात. ज्येष्ठ नागरिकांना बँक वरचा दर देते तो वेगळाच. मग बिल घ्यायचे कशाला? सुरक्षिततेसाठी. बँकेतल्या ठेवींना विम्याचे संरक्षण एका बँकेत एका ठेवीदाराला, व्याज धरून, ५ लाखांपर्यंतच आहे. बिलाच्या पूर्ण रकमेमागे केंद्र सरकार उभे असते. निवृत्तीची किंवा घरविक्रीची मोठी रक्कम काही महिने ठेवायची असेल, तर आमच्या मते दीडशे रुपयांपेक्षा हा फरक मोठा आहे.

खरेदीसाठी रिझर्व्ह बँकेची 'रिटेल डायरेक्ट' सोय नोव्हेंबर २०२१ पासून सुरू आहे. खाते उघडायला रिझर्व्ह बँक शुल्क घेत नाही. पॅन आणि बचत खाते लागते. किमान रक्कम १०,००० रुपये, पुढे १०,००० च्या पटीत. इथे भाव तुम्ही सांगायचा नसतो. मोठ्या संस्थांच्या मंजूर बोलींच्या भारित सरासरीचा (म्हणजे मोठ्या रकमेच्या बोलीला जास्त वजन देऊन काढलेल्या सरासरीचा) भाव तुम्हाला लागतो. तो आधी माहीत नसल्याने सुरुवातीला थोडी जास्त रक्कम घेतली जाते आणि उरलेली परत येते.

मुदतीआधी विकता येते, पण त्या दिवशीच्या बाजारभावाने. दरम्यान व्याजदर वाढले असतील तर भाव उतरलेला असतो आणि छोट्या रकमेला गिऱ्हाईक लगेच मिळेलच असे नाही. दवाखान्यासाठी किंवा मुलांच्या फीसाठी लागू शकणारे पैसे यात अडकवू नका.

कराचे मात्र नीट लक्षात ठेवा. या कमाईवर टीडीएस कापला जात नाही, म्हणून ती करमुक्त आहे असा अनेकांचा समज होतो. तसे नाही. ती तुमच्या उत्पन्नात मिळवून तुमच्या स्लॅबप्रमाणे कर लागतो. ३० टक्क्यांच्या स्लॅबमध्ये १,६०० रुपयांवर उपकरासह सुमारे ४९९ रुपये कर जातो आणि हाती १,१०० च्या आसपास उरतात. विवरणपत्र भरायला येताना प्रत्येक बिलाची खरेदीची तारीख आणि भाव दाखवणारे स्टेटमेंट रिटेल डायरेक्टच्या खात्यातून काढून आणा. पासबुकात मुदतीअखेर एक लाख जमा झालेले दिसतात, पण त्यातले मुद्दल किती आणि कमाई किती हे त्या नोंदीवरून कळत नाही.