अलेक्झांडर आणि दरायस यांची लढाई (तैलचित्र)

इटालियन चित्रकार पिएत्रो दा कोर्तोना (१५९६–१६६९) याचे बरोक (सतराव्या शतकातील भव्य, नाट्यमय) शैलीतील युद्धचित्र. ते साधारणपणे १६४४ ते १६५० या काळातले मानतात. कॅनव्हासची उंची १७३ सेंमी. आणि लांबी ३७५ सेंमी. चित्र रोममधील साकेत्ती घराण्याकडे होते. पोप बेनेडिक्ट चौदावे यांनी १७४८ मध्ये या घराण्याचा संग्रह विकत घेतला. हे चित्र आता तिथल्याच कापितोलिन वस्तुसंग्रहालयात आहे.

मॅसिडोनियाचा अलेक्झांडर आणि इराणचा सम्राट तिसरा दरायस रणांगणात दोनदा समोरासमोर आले: इ. स. पू. ३३३ मध्ये इसस येथे आणि ३३१ मध्ये आर्बेलाजवळ गॉगामेला येथे. दोन्ही वेळा दरायस पळाला, त्यामुळे पळणाऱ्या रथावरून लढाई ओळखता येत नाही. खूण आहे ती अलेक्झांडरच्या डोक्यावर झेपावणाऱ्या गरुडाची. गॉगामेलाच्या लढाईत असा गरुड दिसल्याचे ग्रीक चरित्रकार प्लुटार्क सांगतो. ग्रीकांच्या लेखी तो देवराज झ्यूसचा पक्षी, म्हणजे निकाल वरूनच लागलेला.

प्रथमदर्शनी चित्रात नुसती रेटारेटी दिसते. कोसळलेले घोडे, त्यांच्या पोटाखाली चिरडलेली माणसे, वर भाल्यांचे रान. पण कोर्तोनाने ही गर्दी जाणूनबुजून केली आहे. रोमच्या सेंट ल्यूक अकादमीत १६३०च्या दशकात त्याचा चित्रकार आंद्रेआ साक्कीशी वाद झाला होता. साक्कीच्या मते चित्र शोकांतिकेसारखे असावे, माणसे मोजकीच. कोर्तोनाला महाकाव्य हवे होते: एक मुख्य कथा आणि तिला बिलगलेली पुष्कळ उपकथानके. इथे मुख्य कथा एवढीच, की अलेक्झांडर घोडा फेकत येतो आहे आणि दरायस रथातून मागे वळून पाहतो आहे. एकदा हे दोघे सापडले की बाकीची गर्दी आपोआप जागेवर बसते.

पाँपेईतील प्रसिद्ध कुट्टिमचित्रातही (मोझेक) हाच क्षण आहे: चाल करून येणारा अलेक्झांडर, रथातला भेदरलेला दरायस. साम्य पाहून उसनवारीची शंका येते, पण ते कुट्टिमचित्र १८३१ पर्यंत ज्वालामुखीच्या राखेखालीच होते. कोर्तोनासमोर होती ती रोमन शवपेट्यांवरची कोरीव युद्धशिल्पे आणि व्हॅटिकनमधील, राफाएलच्या शिष्यांनी रंगवलेली मिल्व्हियन पुलाची लढाई. खरी उसनवारी पुढे फ्रान्समध्ये झाली. चौदाव्या लुईचा चित्रकार शार्ल ल ब्रँ याने आर्बेलाची, म्हणजे गॉगामेलाचीच, लढाई रंगवताना हीच मांडणी डोळ्यांसमोर ठेवली आणि कॅनव्हास साडेबारा मीटरांपर्यंत ताणला. गरुड मात्र त्यानेही सोडला नाही.