६५ वॉटचा प्रोसेसर, ६५ वॉटचा कूलर?

अरुंद केसमध्ये (डब्यात) पीसी बांधताना हमखास मिळणारा सल्ला: प्रोसेसर ६५ वॉटचा, मग त्याला थंड ठेवणारा बुटका कूलरही ६५ वॉटचा घ्या, विषय संपला. हे अर्धसत्य आहे. इंटेलच्या आय७-१२७००चे ६५ वॉट म्हणजे बेस पॉवर, मूळ वेगाला लागणारी. टर्बोत, म्हणजे वेग आपोआप वाढवताना, तो १८० वॉटपर्यंत जातो. एएमडीचा रायझन ५ ७६००ही नावाला ६५ वॉटचा, पण त्याची मर्यादा ८८ वॉट. शिवाय कूलरच्या खोक्यावरचा वॉटचा आकडा प्रत्येक कंपनी आपापल्या पद्धतीने काढते; नॉक्टुआ तर तो देतच नाही.

म्हणून नॉक्टुआचा ३७ मिमी उंचीचा एनएच-एल९आय कूलर बसवून आय७ पूर्ण ताणलात, तर तो तापून वेग कमी करणारच. जळणार मात्र नाही (ही भीती उगाच). बायोसमध्ये (मदरबोर्डच्या सेटिंगमध्ये) पॉवर लिमिट, म्हणजे प्रोसेसरची वॉटची मर्यादा, खाली आणा. गेमिंगमध्ये फरक सहसा किरकोळच पडतो. आणि कूलरच्या फॅनसमोर केसच्या पत्र्याला जाळी आहे ना, ते आधी बघा.