पायथनचा तहहयात हुकूमशहा

पायथन ही प्रोग्रॅमिंगची भाषा कुठून आली हे थोडक्यात सांगून पुढे जाऊ. कर्ता गिडो व्हॅन रॉसम, नेदरलँड्सचा, जन्म १९५६. अॅमस्टरडॅमच्या संशोधन संस्थेत त्याने एबीसी नावाच्या, शिकाऊंसाठीच्या भाषेवर काम केलं. ती फारशी चालली नाही, पण ओळीआधी जागा सोडून गट पाडायची तिची पद्धत त्याने उचलली आणि १९८९च्या नाताळच्या सुट्टीत स्वतःची भाषा लिहायला घेतली.

१९९५मध्ये तो अमेरिकेत गेला आणि त्याच वर्षी थट्टेत त्याला पदवी चिकटली: तहहयात परोपकारी हुकूमशहा. वतनाच्या सनदेत शोभावी अशी! अर्थ मात्र साधा होता. वाद सगळ्यांनी घालायचा, शेवटचा शब्द त्याचा. थट्टा पदवीपुरतीच होती. अधिकार खरा होता. डिसेंबर २००८मध्ये ३.० आवृत्तीने जुने प्रोग्राम मोडले, जुन्या शाखेची देखभाल २०२०पर्यंत रेटावी लागली. लोक वर्षानुवर्षं करवादले, तरी गादी हलली नाही.

ती हलली दोन चिन्हांनी. सी भाषेत अटीच्या कंसात तुलनेच्या == ऐवजी चुकून किंमत देणारं = पडलं, तर तुलना होतच नाही, चलाची किंमत बदलते. म्हणून पायथनमध्ये कंसातल्या अटीत = चालतच नाही. पण मग किंमत आधी एका ओळीत साठवा आणि दुसऱ्या ओळीत तपासा. प्रस्ताव आला की अशा जागी := वापरू द्यावं: (ओळ := वाच()). ओळ वाचली, साठवली आणि रिकामी आहे का तेही कळलं. (चलाचं नाव देवनागरीत ठेवता येतं, ही ३.०चीच देणगी.) आडवं पाहिलं तर डोळे आणि सुळे दिसतात, म्हणून नाव पडलं वॉलरस. विरोधकांचं म्हणणं, एकाच कामाला दोन चिन्हं कशाला? त्यात पास्कल ही जुनी भाषा शिकलेल्यांना := म्हणजेच नेहमीचं 'किंमत दे', त्यामुळे गोंधळात भर. मला विचाराल तर सोय छोटी होती आणि आरडाओरडा अवाढव्य.

त्याने प्रस्ताव मंजूर केला आणि १२ जुलै २०१८ला पत्र लिहून पद सोडलं. एका प्रस्तावासाठी इतकं झगडायचं आणि वर इतक्या लोकांचा तिरस्कार झेलायचा, हे पुन्हा नको, असा त्याचा सूर होता. वारस त्याने नेमला नाही. लोकशाही आणा, अराजक आणा, तुमचं तुम्ही बघा. २०१९च्या सुरुवातीला पाच जणांचं मंडळ निवडून आलं. त्या पाचांत तोही होता.

वॉलरस ऑक्टोबर २०१९च्या ३.८ आवृत्तीत आला. त्याच महिन्यात कर्ता नोकरीतून निवृत्त झाला आणि घरी बसून कंटाळा आला म्हणून नोव्हेंबर २०२०मध्ये पुन्हा कामाला लागला.